घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करताना: प्रोसेसर, प्लगइन आणि त्याआधीचे बरेच काही

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे हंबकर पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग; हंबकर हा त्याचा दोन वेटोळ्यांचा, गुंजन कमी पकडणारा प्रकार) एक इलेक्ट्रिक गिटार, पिएझो म्हणजे दाबावर चालणारा पिकअप बसवलेली एक ॲकॉस्टिक गिटार आणि बऱ्यापैकी चालणारा विंडोजचा लॅपटॉप आहे. फ्लॅटमध्ये राहत असल्यामुळे वाजवणे बहुतेक रात्री आणि हेडफोन लावूनच होते. मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर (ॲम्प आणि इफेक्टांच्या नकला एकाच पेटीत देणारे उपकरण) घ्यावा की ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल संगणकात नेणारे उपकरण) घेऊन लॅपटॉपवर प्लगइन (त्याच नकला सॉफ्टवेअरच्या रूपात) वापरावेत, हा त्यांचा पहिला प्रश्न. मित्राच्या प्रोसेसरमधून ॲम्पवर वाजवताना भरदार वाटणारा आवाज तसाच रेकॉर्ड केला की डास गुणगुणल्यासारखा का होतो, हा दुसरा. लॅपटॉपमधून वाजवताना तार छेडल्यावर आवाज उशिरा कानावर येतो, हा तिसरा. आणि ॲकॉस्टिक गिटारचे काय करायचे, हा चौथा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी उरकतो. केवळ रेकॉर्डिंग करायचे असेल आणि लॅपटॉप गेल्या काही वर्षांतला असेल, तर इंटरफेस आणि प्लगइन हाच मार्ग घ्यावा. कॉलेजचा बँड, ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवातले कार्यक्रम असे मंचावर वाजवणेही चालू असेल, किंवा लॅपटॉप इतका जुना असेल की दोन-तीन प्लगइन लावल्यावर आवाज फुटू लागतो, तर ज्याला यूएसबीवरून ऑडिओ देता-घेता येतो असा प्रोसेसर घ्यावा. तो इंटरफेसचेही काम करतो. येथे एक खबरदारी घ्यायला हवी. प्रोसेसरला यूएसबीचे तोंड आहे एवढ्यावरून तो ऑडिओ इंटरफेस आहे असे समजू नये. कित्येक स्वस्त प्रोसेसरांत ते तोंड फक्त फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) बदलण्यासाठी आणि संगणकावरून प्रीसेट (बटणांच्या जतन केलेल्या जुळण्या) लावण्यासाठी दिलेले असते, आणि दुकानदाराला बहुधा हा फरक सांगता येत नाही. उपकरणाची माहितीपुस्तिका उघडून ‘यूएसबी ऑडिओ’ हे शब्द आणि वाहिन्यांची संख्या स्वतः पाहावी.

गुणवत्तेच्या दृष्टीने या दोहोंतला फरक आता फारसा उरलेला नाही. प्रोसेसरमध्ये चालणारी गणिते आणि प्लगइनमध्ये चालणारी गणिते एकाच जातीची असतात. लाइन ६ या कंपनीचा लाल रंगाचा पॉड १९९८ मध्ये आला आणि ॲम्पची डिजिटल नक्कल घरगुती रेकॉर्डिंगमध्ये रुळली. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स, पुढच्या दशकाच्या सुरुवातीला केम्पर प्रोफायलर आणि २०१५ मध्ये हेलिक्स आला. हेलिक्समधली ॲम्पची मॉडेल्स पुढे हेलिक्स नेटिव्ह या नावाने प्लगइन म्हणूनही विकली जाऊ लागली, म्हणजे पेटीत जे आहे तेच लॅपटॉपवर. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी लिहिलेला न्यूरल ॲम्प मॉडेलर तर मुक्तस्रोत आहे आणि फुकट मिळतो, आणि त्याच्यासाठी लोकांनी आपापल्या ॲम्पच्या केलेल्या हजारो नकला इंटरनेटवर उपलब्ध आहेत. तेव्हा सुरुवातीला प्लगइनवर एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. पैसे इंटरफेस, हेडफोन आणि नव्या तारा यांवर घालावेत.

नक्कल करण्याच्या दोन पद्धतींतला फरक मात्र ठाऊक असलेला बरा. एका पद्धतीत ॲम्पच्या सर्किटचे गणिती प्रतिरूप बनवतात; त्यात गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे), बास, ट्रेबल ही बटणे मूळ ॲम्पप्रमाणे एकमेकांवर परिणाम करत फिरतात. दुसऱ्या पद्धतीत, जिला कॅप्चर किंवा प्रोफाइल म्हणतात, एखाद्या ॲम्पची बटणे एका विशिष्ट जागी ठेवून त्यातून ठरावीक ध्वनी पाठवतात आणि आत काय गेले व बाहेर काय आले यांवरून यंत्राला शिकवतात. कॅप्चर अनेकदा अधिक जिवंत वाटते, परंतु ते बटणांच्या त्या एकाच स्थितीचे असते. त्यात गेन वाढवणे म्हणजे मूळ ॲम्पचे गेनचे बटण फिरवणे नव्हे, तर आत जाणारा सिग्नल मोठा करणे होय. शिवाय रिव्हर्ब (खोलीतली घुमणी) आणि डिले (प्रतिध्वनी) यांसारखे काळात पसरणारे इफेक्ट अशा कॅप्चरमध्ये उतरत नाहीत. ते वेगळेच लावावे लागतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण या संपूर्ण विषयाचे मर्म तिथे आहे. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारचा आवाज साखळीच्या दोन टोकांना ठरतो. पहिले टोक म्हणजे गिटारमधून इंटरफेसमध्ये शिरणारा कोरा सिग्नल, आणि दुसरे म्हणजे स्पीकर कॅबिनेटची, म्हणजे ॲम्पचा स्पीकर बसवलेल्या खोक्याची, नक्कल. मधले पेडल, ॲम्पचे मॉडेल आणि इफेक्टांची रांग यांवर आपण रात्रीच्या रात्री घालवतो, पण बिघाड बहुतेक वेळा यांपैकी एका टोकाला असतो.

डासासारखा आवाज हे जवळजवळ नेहमी दुसऱ्या टोकाचे दुखणे असते. गिटार ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर फारसे काही ऐकवत नाही. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे सिग्नल मुद्दाम फाटवल्यामुळे, तयार होणारे अत्युच्च हार्मोनिक (मूळ स्वराच्या कंप्रतेच्या पटीतले स्वर) तो गाळून टाकतो; किंबहुना ज्याला आपण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणून ओळखतो त्यात या गाळणीचा वाटा फार मोठा आहे. मित्राचा प्रोसेसर खऱ्या ॲम्पला जोडलेला असताना हे काम ॲम्पचा स्पीकर करत होता आणि त्यामुळे प्रोसेसरमधली कॅबिनेटची नक्कल बंद ठेवलेली असणार, तसे ठेवणे योग्यच होते. तोच प्रीसेट थेट संगणकात गेला की गाळणी नाहीशी होते, आणि वीस किलोहर्ट्झपर्यंतची सगळी खरखर हेडफोनमध्ये उतरते. कॅबिनेटचा ब्लॉक चालू करा, एवढाच यावर उपाय. याच्या उलट चूकही होते: प्रोसेसरमध्ये कॅबिनेट चालू असते आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा दुसरे कॅबिनेट लावलेले असते. असा आवाज गोधडीखालून आल्यासारखा बुजलेला लागतो. साखळीत कॅबिनेट नेमके एकदाच यायला हवे.

कॅबिनेटची नक्कल आज मुख्यतः इम्पल्स रिस्पॉन्सच्या फायलींनी करतात. वादक मंडळी त्यांना नुसते आयआर म्हणतात. आयआर म्हणजे एका विशिष्ट स्पीकरचा, एका विशिष्ट मायक्रोफोनने, एका विशिष्ट जागेवरून टिपलेला ठसा. स्पीकर कोणता, म्हणजे सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० की ग्रीनबॅक, याने फरक पडतोच. पण मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यबिंदूसमोर आहे की कडेला सरकवलेला आहे, याने त्याहून अधिक पडतो. मध्यावर आवाज तीक्ष्ण, कडेला मऊ आणि काळसर. ॲम्पच्या मॉडेलवर ट्रेबल कमी-जास्त करत बसण्यापूर्वी आयआर बदलून पाहावा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. शुअर एसएम५७ या मायक्रोफोनने, मध्याच्या घुमटाच्या कडेशी घेतलेला एक आणि रिबन मायक्रोफोनने घेतलेला एक, असे दोन आयआर कायमचे निवडून ठेवावेत आणि काही महिने इतरांकडे पाहू नये, असे माझे मत आहे. शेकडो फायलींचे संच विकत घेऊन त्यांतला ‘योग्य’ आयआर शोधत राहणे हा वेळ घालवण्याचा प्रतिष्ठित मार्ग आहे. दोन आयआर एकत्र मिसळायचे असतील तर त्यांची सुरुवात एकाच क्षणी होते ना, हे तपासावे. एखाद्या मिलिसेकंदाचाही फरक असला तर काही कंप्रता परस्परांना मारतात आणि आवाज पोकळ होतो. एकाची फेज उलटी करून, म्हणजे त्याच्या लहरीची वर-खाली उलटापालट करून, ऐकावे. उलटी केल्यावर आवाज अधिक भरला, तर मूळ जुळणीत गडबड आहे.

पहिल्या टोकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तिथली चूक ऐकू येते पण दिसत नाही. साध्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, पिकअपला समोर सुमारे एक मेगाओहम इतका मोठा इनपुट इम्पिडन्स (इनपुटचा विद्युत अवरोध) लागतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे बटण असते ते यासाठीच. ते न दाबता गिटार लाइन इनपुटमध्ये लावली, जिथे इम्पिडन्स दहा किलोओहमच्या आसपास असू शकतो, तर पिकअपवर भार येतो, वरच्या कंप्रता मरतात आणि सिग्नलही लहान होतो. मग वादक प्लगइनमध्ये ट्रेबल आणि गेन वाढवतो, त्याबरोबर खरखरही वाढते, आणि दोष प्लगइनच्या माथी जातो. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या भोकात स्वस्त कन्व्हर्टर लावून गिटार घालणाऱ्यांचे दुखणेही असेच असते. केबलचेही भान ठेवावे: केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स जास्त आणि तितकी पिकअपची चमक कमी. टेबलापाशी बसून वाजवायला तीन मीटर पुरतात. मंचावरची दहा मीटरची केबल घरात पसरून ठेवण्याचे कारण नाही.

सिग्नल किती मोठा घ्यावा, याविषयी बऱ्याच जणांच्या मनात टेपच्या जमान्यातली समजूत अजून आहे की काटा तांबड्या रेषेला लागला पाहिजे. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याची गरज नाही. जितक्या जोरात तुम्ही कधी वाजवाल तितक्या जोरात सहाही तारा छेडा आणि शिखर उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन ठेवा. परंतु ॲम्पच्या मॉडेलच्या बाबतीत गोष्ट इथे संपत नाही. खऱ्या ॲम्पप्रमाणेच मॉडेलही आत येणारा सिग्नल किती मोठा आहे त्यानुसार फाटते. प्लगइन बनवणाऱ्याने इंटरफेसची एक विशिष्ट पातळी गृहीत धरलेली असते, आणि पुष्कळदा ती गेनचे बटण शून्यावर असतानाची असते. तुम्ही गेन अर्ध्यावर नेलात तर ‘क्लीन’ नावाचा प्रीसेटही कुरकुरू लागतो. प्लगइनच्या माहितीत अपेक्षित पातळी दिलेली असेल तर ती पाळावी. नसेल तर इंटरफेसचे गेनचे बटण एका जागी ठेवून त्यावर पेन्सिलने खूण करावी आणि पुढचे सारे कमी-जास्त प्लगइनच्या इनपुट बटणाने करावे. बटण शून्यावर असूनही जोरदार हंबकर क्लिप होत असेल, म्हणजे पातळीची कमाल मर्यादा ओलांडत असेल, तर पिकअपचे स्क्रू किंचित सैल करून त्याला तारांपासून थोडे खाली न्यावे. आवाज बहुधा सुधारतो.

आवाजात गुंजन असेल तर नॉइज गेटकडे (वाजवणे थांबताच आवाज बंद करणाऱ्या इफेक्टकडे) धाव घेण्यापूर्वी खोलीकडे पाहावे. आपल्याकडच्या घरांत दोन गुन्हेगार ठरलेले असतात. पहिला छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ज्याचे बटण सलग गोल फिरते. तो विजेची लहर कापून पंख्याचा वेग कमी करतो आणि त्या कापण्यातून निघणारी करकर पिकअप इमाने-इतबारे पकडतो. सिंगल कॉइलवर, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपवर, ती जास्त, हंबकरवर कमी. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून पाहा, करकर त्याबरोबर गेली तर निदान झाले. ठरावीक पायऱ्यांचा कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर हा त्रास देत नाही आणि इलेक्ट्रिशियन तो थोड्या वेळात बदलून देतो. प्रकाश मंद करणारे डिमरही याच जातीचे. दुसरा गुन्हेगार लॅपटॉपचा चार्जर. चार्जर काढून बॅटरीवर वाजवताच आवाज स्वच्छ होत असेल, तर एकतर चार्जर दोन पिनांचा आहे किंवा भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नाही. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळते. रेकॉर्डिंगपुरते बॅटरीवर वाजवावे आणि अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. गुंजन जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. गिटारच्या तारा तुमच्या बोटांखाली असतात आणि त्या त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. दिवे गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर वाजवताना एकदम भुणभुण सुरू झाली, तर इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर देणारा नाही असे समजावे आणि त्या वेळेत रियाज करावा. एवढे करूनही जो फुसफुसाट उरतो, त्यासाठी गेट ॲम्पच्या आधी लावावा. त्याची मर्यादा स्वर विझत जातानाची शेपटी कापली जाणार नाही इतकी खाली ठेवावी.

या साऱ्या खटाटोपाचा हेतू कोरा सिग्नल चांगला मिळावा हा आहे, आणि तो जपून ठेवणे ही माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महत्त्वाची सवय होय. प्लगइन वापरताना ती आपोआप पाळली जाते. ट्रॅकवर ॲम्पचे प्लगइन लावलेले असले तरी रीपरसारखे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर मुळात फाइलमध्ये कोराच सिग्नल लिहिते आणि ॲम्प फक्त ऐकवते. प्रोसेसर वापरताना मात्र ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. हेलिक्ससारख्या उपकरणांत प्रक्रिया केलेला आवाज एका जोडवाहिनीवर आणि कोरा सिग्नल दुसऱ्या वाहिनीवर एकाच वेळी यूएसबीवरून येतो. दोन ट्रॅक उघडून दोन्ही नोंदवावेत. तुमच्या प्रोसेसरला ही सोय नसेल तर तिथे इंटरफेस आणि प्लगइनचे पारडे जड होते, आणि पहिल्या प्रश्नाच्या माझ्या उत्तरामागचे खरे कारणही हेच आहे. वाजवणे एकदा चांगले झाले की ते पुन्हा तसेच होईल याची खात्री नसते, ॲम्प मात्र कोऱ्या सिग्नलवर हवा तेव्हा बदलता येतो. आणखी एक फायदा संपादनाच्या वेळी कळतो. जोरदार डिस्टॉर्शनची लहर पडद्यावर सपाट विटेसारखी दिसते, तिच्यात स्वर कुठे सुरू झाला हे डोळ्यांना दिसत नाही. कोऱ्या सिग्नलमध्ये प्रत्येक छेड टोकदार दिसते, त्यामुळे तालाच्या मागे-पुढे गेलेली छेड सरकवणे सोपे जाते.

उशिरा येणाऱ्या आवाजाचे, म्हणजे लेटन्सीचे, गणित साधे आहे. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो आणि त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापे) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३ आणि १०२४ चा २१ मिलिसेकंद. आवाजाला आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा हा विलंब लागतो, शिवाय कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर आपली भर घालतात. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे एकूण दहा मिलिसेकंद हे ॲम्पपासून साडेतीन मीटरांवर उभे राहून वाजवण्याइतके झाले, आणि ते बहुतेकांना चालते. वीसच्या पुढे हात अडखळू लागतो. तेव्हा वाजवताना ६४ किंवा १२८, आणि मिक्सच्या वेळी, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र मिसळताना, ५१२ किंवा १०२४ असा बफर ठेवावा.

विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (कमी विलंबाने आवाज हाताळणारा ड्रायव्हर) घालावा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडावा. विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर बफर कितीही कमी केला तरी समाधान होत नाही. प्रश्नकर्त्यांच्या तक्रारीचे मूळ येथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. एवढे करूनही विलंब जाणवत असेल तर मास्टर ट्रॅक, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तो, तपासावा. पुढचे पाहून काम करणारा लिमिटर किंवा लिनिअर-फेज इक्वलायझर तिथे बसलेला असेल, तर तो स्वतःचा विलंब सगळ्या गाण्याला लावतो, आणि बफरचा आकडा मात्र निष्पाप दिसत राहतो. असे प्लगइन वाजवताना बंद ठेवावेत. ब्लूटूथ हेडफोनचा तर विचारही करू नये, त्यांचा विलंब सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण विलंब टाळते खरे, पण त्यातून कोरी गिटारच ऐकू येते. प्लगइनबरोबर ते बंद हवे, नाहीतर एकच छेड दोनदा ऐकू येते. प्रोसेसरवाल्यांना हा त्रास जवळजवळ नाही, कारण त्यांचा आवाज पेटीतूनच थेट हेडफोनकडे जातो. जुना लॅपटॉप असणाऱ्यांना मी प्रोसेसर सुचवतो तो याचमुळे.

आवाज घडवण्याविषयी मोजकेच सांगतो. एकट्याने वाजवताना जितका गेन सुखाचा वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या कितीतरी कमी ठेवावा. डिस्टॉर्शन हे स्वतःच कॉम्प्रेशन असते, म्हणजे ते मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर कमी करते. ते फार झाले की छेडीची धार जाते आणि गिटार मिक्समध्ये मागे सरकते. भरदारपणा हवा असेल तर तोच भाग दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावा. एकच ट्रॅक नक्कल करून दोन बाजूंना ठेवल्याने रुंदी मिळत नाही, फक्त मोठेपणा मिळतो. दोन वेळच्या वाजवण्यात जो सूक्ष्म फरक पडतो त्यानेच रुंदी तयार होते. दुसऱ्या खेपेला पिकअप किंवा आयआर बदलला तर अधिक चांगले.

गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. त्यामुळे ८० च्या खालचे हाय-पास फिल्टरने काढून टाकले तर गिटारचे काही जात नाही, आणि बास, ड्रम किंवा डग्ग्याला जागा मिळते. वरच्या बाजूला सात-आठ किलोहर्ट्झवर लो-पास, म्हणजे त्याहून वरचे गाळणारा फिल्टर, लावावा. मधल्या पट्ट्याचा निर्णय गाण्यात सोबत काय आहे यावर अवलंबून असतो. भावगीताच्या वळणाचे गाणे असेल आणि त्यात हार्मोनियम असेल, तर डिस्टॉर्शनची गिटार आणि हार्मोनियम एकाच जागेसाठी भांडतात, कारण दोघांचाही आवाज दाट हार्मोनिकांचा आणि सलग टिकणारा असतो. तिथे गिटार स्वच्छ, तुटक आणि वरच्या सप्तकात ठेवावी, किंवा जिथे पेटी थांबते तिथेच तिला वाव द्यावा. इक्वलायझरने सोडवण्याआधी हा प्रश्न मांडणीत सोडवलेला बरा. गायकाचे शब्द स्पष्ट ऐकू येत नसतील तर गिटारवर दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करून पाहावे.

रिव्हर्ब आणि डिले रेकॉर्डमध्ये भाजून घेऊ नयेत. अपवाद एवढाच की डिलेच्या ठोक्यांवरच वाजवण्याची रचना आधारलेली असेल. तेव्हाही कोरा ट्रॅक सोबत असावा. डिलेचा काळ लयीवरून काढावा: ६०,००० ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागले की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. लय १०० असेल तर एक ठोका ६०० चा आणि पाऊण ठोका ४५० चा. हा पाऊण ठोका साध्या अर्ध्या ठोक्यांच्या वाजवण्यावर ठेवला की प्रतिध्वनी वाजवलेल्या स्वरांच्या मधल्या जागांत पडतात. मींड आणि लांब खेच यांवर आधारलेले वाजवत असाल तर डिलेचा परतावा (प्रतिध्वनी किती वेळा फिरून येतो ते) फार ठेवू नये. मागचा स्वर आणि पुढे सरकलेला स्वर एकमेकांत मिसळून श्रुतीच्या जागा धूसर होतात.

प्लगइनची प्रत ओळखण्याची एक चाचणी सांगतो, ती कोणालाही घरी करता येते. भरपूर गेन लावा, पहिल्या तारेवर बाविसाव्या पट्टीचा स्वर घ्या आणि तार हळूहळू दोन अर्धस्वर वर खेचा. मूळ स्वर सुमारे ११७५ हर्ट्झचा. त्याचा तिसावा हार्मोनिक ३५.२ किलोहर्ट्झवर पडतो, जो ४४.१ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये (त्यात निम्म्यापर्यंतच, म्हणजे २२.०५ पर्यंतच्याच कंप्रता मावतात) मावत नाही आणि उलटून ८.९ किलोहर्ट्झवर अवतरतो. तार खेचून स्वर १३१८ वर नेला की तोच हार्मोनिक ३९.५ वर जातो आणि उलटून ४.५ वर येतो. म्हणजे स्वर वर चढत असताना एक बारीक शिट्टी खाली उतरत जाते. याला एलियासिंग म्हणतात. कॅबिनेट ते थोडे झाकते, पूर्ण नाही. म्हणून चाचणी करताना कॅबिनेट बंद ठेवून ऐकावे. शिट्टी ठळक असेल तर प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा, म्हणजे आतले गणित अधिक सॅम्पलांवर करण्याचा, पर्याय आहे का ते पाहावे. वाजवताना तो कमी आणि अंतिम फाइल काढताना जास्त ठेवला तर लॅपटॉपवरही ताण येत नाही. पूर्ण मिक्समध्ये हा दोष फार थोड्यांना ऐकू येतो, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नये, पण एकट्या गिटारच्या उंच सोलोत तो खटकतो.

रात्री हेडफोनवर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की हळू आवाजात कानाला खर्ज आणि अतितीव्र कंप्रता कमी ऐकू येतात. रात्री बारा वाजता हळू लावून घडवलेला प्रीसेट सकाळी मोठ्याने लावला की बोजड आणि कर्कश दोन्ही वाटतो. प्रीसेट रात्री घडवावा, पण अंतिम निर्णय दिवसा, साधारण बोलण्याइतक्या मोठ्या आवाजात आणि सोबतच्या वाद्यांसह घ्यावा. दोन प्रीसेटांची तुलना करताना त्यांचा मोठेपणा आधी सारखा करावा, कारण जो मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो आणि तयार प्रीसेट विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

राहिली ॲकॉस्टिक गिटार. तिच्या पिएझो पिकअपचा आवाज ॲम्पच्या मॉडेलमधून आणि इलेक्ट्रिकच्या कॅबिनेटमधून नेऊ नये. तिला पूर्ण पल्ला हवा असतो. पिएझोला एक मेगाओहमदेखील कमी पडतो, म्हणून गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प आहे का ते पाहावे. नसेल तर आवाज पातळ येणे अटळ आहे. प्रीॲम्प असूनही छेडीला जी प्लास्टिकसारखी टकटक येते ती कमी करण्यासाठी ॲकॉस्टिक गिटारच्या लाकडी पेटीचे आयआर मिळतात. त्यातला एक निम्म्या प्रमाणात मिसळला की मंचासाठी किंवा कच्च्या नोंदीसाठी काम भागते. गाण्यात ॲकॉस्टिक मुख्य असेल तर मात्र पिएझो हा नाइलाजच समजावा. इंटरफेसच्या दुसऱ्या वाहिनीवर एक साधा कंडेन्सर मायक्रोफोन लावून, तो बाराव्या पट्टीच्या समोर साधारण एक फुटावर, आवाजाच्या भोकाकडे रोखलेला नसेल असा ठेवावा. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट वादकाच्या पाठीमागे येईल अशी बैठक घ्यावी. पंखा बंद करावा, कारण येथे त्याचा वाराही नोंदला जातो. आणि पिएझोचा ट्रॅक सोबत घेतला असेल तर तो मायक्रोफोनच्या ट्रॅकपेक्षा साधारण एक मिलिसेकंद आधी येतो, म्हणून दोन्ही मिसळण्यापूर्वी तेवढा मागे सरकवावा.